वाचक विचारतात: जुनी चार मजली इमारत आणि भूकंप

जुन्या सोसायट्या आणि एकाच नकाशावर बांधलेल्या वसाहती भूकंपात कितपत तग धरतील, यावर आलेल्या पत्रांतून हे प्रश्न निवडले आहेत. एकसारखी पत्रे एकत्र केली आहेत. उत्तरे जुन्या इमारतींचे मूल्यमापन करणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनीअरांकडून घेतली आहेत. त्यांतले हिशेब ढोबळ आहेत. इंजिनीअरला नेमके काय विचारायचे ते कळावे, एवढ्यासाठीच ते दिले आहेत.

प्रश्न: आमची इमारत 1986 सालची आहे. खाली स्टिल्ट पार्किंग, वर चार मजले. नुकतेच स्ट्रक्चरल ऑडिट झाले आणि सी-3 वर्ग मिळाला, म्हणजे फक्त किरकोळ दुरुस्ती. आता भूकंपाची काळजी मिटली असे समजायचे का?
— सोसायटीचे सचिव, बोरिवली

नाही. सी-1, सी-2 ए, सी-2 बी आणि सी-3 हे वर्ग इमारत स्वतःचे वजन आज पेलते आहे का आणि ती किती जीर्ण झाली आहे, एवढेच सांगतात. मुंबई महापालिका कायद्याच्या कलम 353 ब प्रमाणे 30 वर्षांवरील इमारतींना जो दाखला लागतो, त्याचा रोखही तिकडेच असतो. ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर मारून पृष्ठभाग किती कठीण आहे ते पाहतात, अल्ट्रासॉनिक वेग मोजतात (सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर असेल तर काँक्रीट चांगले, तीनच्या खाली गेला तर संशयास्पद), कोअर (काँक्रीटचे गोल नमुने) काढतात, फिनॉल्फ्थॅलीन शिंपडून काँक्रीटचा अल्कलीपणा कुठवर शिल्लक आहे ते पाहतात, सळईच्या गंजाची शक्यता हाफ-सेलने तपासतात. हे सगळे हवेच. पण इमारत आडवी ढकलली गेली तर काय होईल, हे यातली एकही चाचणी विचारत नाही. डोळ्यांचा नंबर काढून आणल्यावर दाताची कीड कळत नाही, तसाच हा प्रकार आहे.

1986 मध्ये तुमच्या इंजिनीअरपुढे आयएस 1893 ची, म्हणजे भूकंपाचे बळ किती धरायचे ते सांगणाऱ्या भारतीय मानकाची (कोडची), 1984 ची आवृत्ती होती. तिच्या भूकंपधोक्याच्या नकाशात मुंबई झोन 3 मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात होती. तिथे बळाचा मूळ गुणांक 0.04, आणि भूकंपात न फुटता वाकेल असे सळईकाम नसलेल्या कॉलम-बीमच्या चौकटीसाठी त्याला 1.6 ने गुणायचे, म्हणजे इमारतीच्या वजनाच्या साधारण 6 टक्के आडवे बळ. 2002 च्या आवृत्तीत झोन 3 चा गुणांक 0.16 झाला, सूत्र बदलले, आणि साध्या चौकटीच्या बुटक्या इमारतीसाठी उत्तर आले 6.7 टक्के. बळाचा आकडा फारसा हललाच नाही. ‘जुना कोड कमकुवत होता’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

बदलले ते सळईचे काम. भूकंपात चौकट वाकावी पण फुटू नये, यासाठीचे नियम आयएस 13920 मध्ये 1993 साली आले, म्हणजे तुमची इमारत उभी राहिल्यावर सात वर्षांनी. त्यातही झोन 3 मधल्या पाच मजल्यांपर्यंतच्या साध्या निवासी इमारतींना सूट होती. ही सूट 2002 च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे मुंबई, ठाणे, पुण्यातल्या त्या काळच्या हजारो चार मजली इमारती नियम न मोडताही अशा सळईकामाशिवाय बांधल्या गेल्या. त्यातच आडव्या बळाचा हिशेब न करता फक्त उभ्या भारावर कॉलम ठरवण्याची सवय चार मजली कामांत सर्रास होती.

अशा इमारतीत सहसा काय सापडते? कॉलम 230 मिमी रुंद, कारण तो नऊ इंची भिंतीत लपला पाहिजे. उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा 6 मिमीच्या, 150 ते 200 मिमी अंतरावर, वरपासून खालपर्यंत सारख्याच. रिंगेची टोके 90 अंशात वळवलेली. बाहेरचे कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) उडाले की अशी रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. सळयांचा लॅप (दोन सळया शेजारी ठेवून केलेला जोड) स्लॅबच्या लगेच वर, म्हणजे ताण सर्वांत जास्त असतो तिथेच. 13920 सांगते ते असे: हुक 135 अंशांचा, कॉलमच्या दोन्ही टोकांना किमान 450 मिमी लांबीत रिंगांमधले अंतर 100 मिमीपेक्षा जास्त नको, लॅप मधल्या अर्ध्या भागात. 2016 च्या आवृत्तीने कॉलमची किमान बाजू 300 मिमी केली आणि सांध्याला मिळणाऱ्या कॉलमांची ताकद बीमांच्या किमान 1.4 पट हवी असेही म्हटले.

आणि स्टिल्ट. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती चौकटीला ताठ ठेवतात, खाली भिंतच नाही. त्यामुळे सगळी हालचाल तळच्या कॉलमांच्या वाट्याला येते. 26 जानेवारी 2001 च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच इमारती कोसळल्या. अहमदाबादही झोन 3 मध्येच होते. आयएस 1893 च्या 2002 च्या आवृत्तीने अशा मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट बळासाठी बांधायला सांगितले, 2016 ने तिथे आरसीसी भिंत किंवा तिरपे आधार मागितले. 1984 च्या कोडमध्ये याबद्दल काहीच नव्हते.

एक हिशेब घरी करता येतो. समजा मजल्याचे क्षेत्र 200 चौरस मीटर आणि गच्ची धरून स्लॅब पाच. भिंतींसकट चौरस मीटरला 1.2 टन धरले तर इमारत 1,200 टनांची. त्याचे 6.7 टक्के म्हणजे 80 टन आडवे बळ. तळाला 230 बाय 450 चे 16 कॉलम असतील तर त्यांचे एकूण क्षेत्र 1.66 चौरस मीटर. चार रांगांत चार-चार कॉलम असल्यास 16 ला (16 वजा 4) ने भागून 1.33 हा गुणक येतो. त्याने गुणल्यावर कॉलमांवरचा सरासरी कातरताण (कॉलम आडवा कापू पाहणारा ताण) निघतो चौरस मिमीला 0.64 न्यूटन. आयएस 15988 या जुन्या आरसीसी इमारतींच्या भूकंपीय मूल्यमापनाच्या मानकाची प्राथमिक मर्यादा एम 15 काँक्रीटला (ताकद चौरस मिमीला 15 न्यूटन) सुमारे 0.39 आहे. जुन्या इमारतीला 70 टक्के बळ धरायची सवलत घेतली तरी 0.45 येतो, म्हणजे इमारत या चाळणीत अडकली. मजल्याच्या तेवढ्याच क्षेत्रावर 24 कॉलम असते तर या सवलतीने ती पार झाली असती. अडकली म्हणजे उद्या पडेल असे नाही; तपशीलवार मूल्यमापन करायलाच हवे, असा त्याचा अर्थ.

तेव्हा पुढच्या सर्वसाधारण सभेत ‘ऑडिट’ एवढाच शब्द ठरावात घालू नका. ‘आयएस 15988:2013 नुसार भूकंपीय मूल्यमापन’ असे लिहा आणि अहवालात चार गोष्टी मागा: प्रत्यक्ष मोजलेला कॉलमांचा नकाशा, किमान तीन-चार कॉलमांवर कव्हर काढून पाहिलेल्या रिंगा आणि लॅप, दोन्ही दिशांचा हिशेब, आणि स्टिल्टचा स्वतंत्र हिशेब.

प्रश्न: आमच्या वसाहतीत एकाच नकाशाच्या 18 इमारती आहेत, सगळ्या 1970 च्या दशकातल्या. एकीचे मूल्यमापन करून तेच सगळ्यांना लावले तर चालेल का? खर्च वाचेल.
— वसाहत संघाच्या अध्यक्षा, पुणे

अर्धे काम एकदाच करता येईल, अर्धे नाही.

नकाशा एक असल्याचा फायदा असा की संगणकावरचे मॉडेल एकदाच बनते. मूळ ड्रॉइंग गृहनिर्माण मंडळाच्या किंवा महापालिकेच्या दप्तरात मिळाले तर सोन्याहून पिवळे, कारण एका इमारतीत दोन-तीन ठिकाणी काँक्रीट उकलून ते ड्रॉइंग खरे की खोटे हे ठरवता येते. मात्र प्रत्येक इमारतीत चार गोष्टी वेगळ्या असतात. पहिली, काँक्रीट: त्या काळी 1:2:4 चे मिश्रण जागेवर घमेल्याने मोजून करत, त्यामुळे एकाच ठेकेदाराच्या दोन इमारतींतही फरक पडतो. दुसरी, जमीन: एक इमारत मुरमावर, तर शेजारची भराव घातलेल्या जुन्या नाल्यावर असू शकते. तिसरी, ओल: गळती सोसणाऱ्या इमारतीत संडास-न्हाणीच्या बाजूचे कॉलम आधी गंजतात. चौथी आणि सर्वांत त्रासाची, रहिवाशांनी केलेले बदल: काढलेल्या भिंती, बंद केलेल्या गॅलऱ्या, कापलेला बीम, वाढवलेली खोली.

म्हणून सर्व 18 इमारतींची पाहणी आणि हॅमर-अल्ट्रासॉनिक चाचण्या करा. कोअर सर्वांत वाईट दिसणाऱ्या तीन आणि चांगल्या दिसणाऱ्या एका इमारतीतून काढा. एका इमारतीतून तीनपेक्षा कमी कोअर घेऊ नका. मॉडेल एकच ठेवा, पण काँक्रीटची ताकद आणि केलेले बदल प्रत्येक इमारतीचे वेगळे घाला.

नकाशा एक असण्याची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. ड्रॉइंगमध्येच खोट असेल तर ती 18 ठिकाणी आहे. 7 डिसेंबर 1988 च्या आर्मेनियातील स्पिताक भूकंपात लेनिनाकान शहरात (आजचे ग्युमरी) हे अख्ख्या जगाने पाहिले. तिथे कारखान्यात ओतलेल्या भागांच्या, एकाच मालिकेतल्या नऊ मजली चौकटीच्या इमारती शंभराहून अधिक होत्या. त्यांतल्या निम्म्याहून जास्त कोसळल्या. त्याच शहरातल्या मोठ्या काँक्रीट पॅनेलच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. रशियाच्या साखालिन बेटावरच्या नेफ्तेगोर्स्क गावात 1995 च्या मे महिन्यात एकाच प्रकारच्या 17 पाच मजली इमारती एका रात्रीत पडल्या. त्या बांधताना तिथला भूकंपाचा धोका फारच कमी धरला होता.

प्रश्न: लातूर जिल्ह्यात आमची तीन मजली सरकारी निवासस्थाने 1978 च्या सुमाराची आहेत. आरसीसी चौकट नाही, विटांच्या भिंतींवर स्लॅब आहे. तेव्हा लातूर झोन 1 मध्ये होते असे म्हणतात. मग आता ही इमारत बेकायदा ठरते का? आणि तपासायचे काय?
— निवृत्त शिक्षक, लातूर

बेकायदा ठरत नाही. कोड बदलला म्हणून जुनी इमारत आपोआप अवैध होत नाही. पण तिच्यातली उणीव मात्र उघडी पडते.

नकाशाचा इतिहास थोडक्यात असा. आयएस 1893 पहिल्यांदा 1962 मध्ये आला, 1966 मध्ये सुधारला. दख्खनचे पठार तेव्हा स्थिर मानले जाई. 11 डिसेंबर 1967 ला कोयनानगर हादरले आणि 1970 च्या आवृत्तीत नकाशा नव्याने आखावा लागला. पाच झोन झाले आणि कोयनेभोवतीचा पट्टा झोन 4 मध्ये गेला. लातूर झोन 1 मध्येच राहिले, तिथे मूळ गुणांक 0.01. मग 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी. 2002 मध्ये झोन 1 रद्द झाला आणि लातूर-धाराशिवचा भाग झोन 3 मध्ये आला. जुन्या मोजमापात सांगायचे तर 0.01 चे 0.04 झाले. जमीन तीच होती. तिच्याबद्दलची माहिती वाढली आणि तीही माणसे गेल्यावर.

किल्लारीत पडली ती मुख्यतः मातीत रचलेली जाड दगडी घरे, डोक्यावर माळवदाचे वजन घेऊन उभी असलेली. तुमची पक्क्या विटांची इमारत त्यापेक्षा कितीतरी चांगली. पण तीन मजले विटांवर असताना पुढच्या गोष्टी पाहाव्याच लागतात.

दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर, लिंटेलच्या उंचीला, हातभर गिलावा काढा. तिथेही काँक्रीट सलग दिसले तर लिंटेल पट्टा आहे. विटा दिसल्या तर खिडकीवर नुसती लिंटेल टाकली आहे, भिंती एकमेकींना बांधलेल्या नाहीत. 1978 च्या झोन 1 मधल्या कामात बहुधा विटाच दिसतील. मग कोपरा पाहा. खोलीच्या कोपऱ्यात वरून खाली उभी चीर असेल तर दोन भिंतींच्या विटा एकमेकींत नीट गुंफलेल्या नाहीत, असे धरून चाला. सांध्यातला मसाला जाड खिळ्याने ओरखडून पाहा. तो पिठासारखा सुटत असेल तर भिंतीच्या ताकदीचा कागदावरचा आकडा विसरा.

त्यानंतर टेप घ्या. प्रत्येक भिंतीतल्या दारे-खिडक्यांच्या रुंदीची बेरीज भिंतीच्या लांबीच्या किती टक्के होते ते मोजा. तीन-चार मजली इमारतीत आयएस 4326 (भूकंपरोधक बांधकामाचे मानक) झोनप्रमाणे 33 ते 42 टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही. निवासस्थानांत मागची, स्वयंपाकघर-न्हाणीकडची भिंत या मर्यादेत बसते. पुढची, गॅलरीकडची भिंत हटकून बाहेर जाते.

उपाय फार अवघड नाही आणि तो घरे रिकामी न करता करता येतो. लिंटेलच्या वर, बाहेरून आणि आतून, साधारण 25 सेंमी रुंदीचा गिलावा काढायचा, सांधे खरवडून पाण्याने धुवायचे, 10 गेजची वेल्डमेश लांब खिळ्यांनी ठोकायची आणि 1:3 सिमेंट मसाल्याचे दोन थर मिळून 30 ते 35 मिमी जाडी करायची. असेच उभे पट्टे प्रत्येक कोपऱ्यावर आणि मोठ्या खिडक्यांच्या दोन्ही बाजूंना. आडवा पट्टा कुठेही तुटता कामा नये आणि जाळीचा लॅप 30 सेंमीपेक्षा कमी नको. आतली आणि बाहेरची जाळी भिंतीत भोक पाडून तारेने एकमेकींना बांधली तर काम जास्त पक्के होते. ठेकेदार नेमके हेच टाळतात, कारण भोके पाडायला वेळ लागतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे पाणी न मारणे. मेच्या उन्हात पातळ मसाला दोन दिवसांत वाळून भिंतीपासून सुटतो. किमान सात दिवस पोती बांधून ओली ठेवा.

प्रश्न: दुरुस्ती ठेकेदाराने तळमजल्याच्या सहा कॉलमांना ‘जॅकेटिंग’ सुचवले आहे. कोटेशनमध्ये पॉलिमर मॉर्टर 40 मिमी जाड, वर गिलावा आणि रंग एवढेच आहे. याने इमारत भूकंपरोधक होईल असे तो म्हणतो.
— सोसायटीचे खजिनदार, डोंबिवली

पॉलिमर मॉर्टर ही गंजलेल्या कॉलमाची दुरुस्ती आहे. उडालेले कव्हर परत मिळते, सळई पुन्हा झाकली जाते. त्याला जॅकेट म्हणणे चूक आणि भूकंपरोधक म्हणणे त्याहून मोठी चूक.

खऱ्या जॅकेटमध्ये कॉलमाच्या चारही बाजूंना किमान 100 मिमी नवे काँक्रीट येते, जुन्यापेक्षा निदान 5 एमपीए (चौरस मिमीला 5 न्यूटन) जास्त ताकदीचे. 230 बाय 450 चा कॉलम 430 बाय 650 चा होतो, म्हणजे पार्किंगच्या प्रत्येक गाळ्यातून 20 सेंमी जातात. कोटेशनमध्ये गाड्यांची जागा कमी होणार असल्याचा उल्लेख नसेल तर ते जॅकेट नाही, एवढी ही ओळख सोपी आहे.

कामाचा क्रम असा हवा. आधी वरच्या बीमांना टेके. मग लादी फोडून फुटिंगपर्यंत (कॉलमाच्या पायापर्यंत) खोदायचे, कारण जॅकेट लादीपासून नाही, फुटिंगपासून सुरू होते. गिलावा पूर्ण काढून काँक्रीट टाचायचे, गंजलेली सळई घासून स्वच्छ करायची, जिची जाडी बरीच गेली असेल तिच्या शेजारी नवी घालायची. नव्या उभ्या सळया फुटिंगमध्ये भोके पाडून केमिकल अँकरने (चिकटवणाऱ्या रसायनाने) रोवायच्या. त्या शक्यतो कोपऱ्यांजवळ एकत्र ठेवायच्या, म्हणजे वर जाताना बीम आड येत नाही. रिंगा किमान 8 मिमीच्या, 135 अंशांच्या हुकाच्या, टोकांकडे 100 मिमीवर. जुना कॉलम आड येत असल्याने अखंड रिंग घालता येत नाही. दोन तुकड्यांची करून गुंतवावी लागते. मग शटरिंग आणि मायक्रोकाँक्रीट. ते बारीक खडी मिसळून बाजूच्या खिडक्यांतून ओततात. वर बीमच्या पोटाशी पोकळी राहते तिथे शेवटी ग्राउट दाबून भरायचा.

सर्वांत जास्त चुकते ते स्लॅबपाशी. नव्या सळया स्लॅबला भोके पाडून वरच्या मजल्यात किमान लॅपच्या लांबीइतक्या गेल्याच पाहिजेत. बहुतेक ठिकाणी त्या बीमच्या खाली कापलेल्या दिसतात. असा कॉलम उभे वजन थोडे जास्त पेलतो, पण आडव्या झटक्यात टोकाशी वाकताना नव्या सळयांचा काही उपयोग होत नाही, आणि भूकंपात नेमके ते टोकच फुटते. वरच्या घरात जमीन फोडावी लागते, भांडणे होतात, म्हणून ही पायरी गाळली जाते. भांडण आधीच करून घ्या.

आणि सहाच कॉलम का? गंजलेले सहा असतील, म्हणून ते निवडले असतील. पण कॉलम जाड झाला की तो ताठ होतो आणि जास्त बळ ओढून घेतो. सहाही एकाच बाजूला असतील तर इमारत सरळ डोलण्याऐवजी पिळली जाईल. कोणते कॉलम घ्यायचे ते गंज ठरवत नाही, पूर्ण इमारतीचा हिशेब ठरवतो.

प्रश्न: स्टिल्टमध्ये मागच्या दोन गाळ्यांना विटांच्या भिंती घालून कार्यालय केले तर तळमजला मजबूत होईल ना? शिवाय गच्चीवर नवा कोबा घालायचा आहे.
— एक सभासद, ठाणे

मागे भिंती, पुढे मोकळे, म्हणजे पुन्हा वर सांगितलेला पीळ. रस्त्याकडचे कॉलम सर्वांत जास्त सरकतील आणि आधी जातील. भिंत अर्धीच उंच बांधून वर जाळी लावली तर आणखी वाईट: कॉलमाची मोकळी उंची निम्मी झाली की तो जवळजवळ आठपट ताठ होतो आणि तिरपी चीर जाऊन तुटतो. तळमजला खरोखर मजबूत करायचा असेल तर आरसीसी भिंती किंवा लोखंडी तिरपे आधार दोन्ही दिशांना, समोरासमोर, स्वतःच्या पायासह घालावे लागतात आणि ते वरच्या बीम-स्लॅबला बांधावे लागतात.

कोब्याचे म्हणाल तर 10 सेंमी जाडीचा विटांच्या तुकड्यांचा थर चौरस मीटरला सुमारे 200 किलो भरतो. 200 चौरस मीटरच्या गच्चीवर 40 टन. जुना न काढता त्यावर नवा घालायची पद्धत आहे, त्यामुळे काही गच्च्यांवर तीन-तीन थर बसलेले असतात. वजन जितके वर तितका त्याचा झटका मोठा. जुना थर उतरवल्याशिवाय नवा नको. पाण्याच्या टाकीखालचे चार खांबही याच वेळी पाहून घ्या.

प्रश्न: मी टोकियोत निशी-कासाई भागात भाड्याने राहतो. इमारत 11 मजली, 1982 ची. एजंट म्हणतो की 1981 नंतरची आहे म्हणजे सुरक्षित. हे पुरेसे आहे का?
— सॉफ्टवेअर अभियंता, टोकियो

तारीख बरोबर आहे, पण ती कशाची हे पाहा. जपानचा नवा भूकंप-मानक 1 जून 1981 पासून लागू झाला. त्यात दोन पातळ्या आल्या: नेहमीच्या मध्यम भूकंपात नुकसान नको, आणि क्वचित येणाऱ्या मोठ्या भूकंपात इमारत मोडली तरी कोसळायला नको. पण तो लागू होतो बांधकाम मंजुरीच्या तारखेवरून, पूर्णत्वाच्या नाही. 11 मजल्यांना वर्ष-दीड वर्ष सहज लागते. म्हणून 1982 ला पूर्ण झालेली इमारत जुन्या मानकाची असू शकते. एजंटकडून मंजुरीची तारीख लेखी घ्या. ती 1 जून 1981 च्या आधीची असेल तर भूकंप-परीक्षण झाले आहे का, हे करारापूर्वीच्या ‘महत्त्वाच्या बाबींच्या’ कागदात सांगावे लागते. परीक्षणात ‘आय-एस’ हा भूकंप सोसण्याच्या क्षमतेचा निर्देशांक 0.6 किंवा त्याहून जास्त हवा. बाहेरून लोखंडी तिरपे आधार जोडलेल्या जुन्या इमारती दिसतात त्या याच कामाच्या.

जुने म्हणजे सगळेच वाईट असेही नाही. लिफ्ट नसलेल्या पाच मजली दांची (जपानमधल्या सामूहिक गृहवसाहती) वसाहतींतल्या बऱ्याच इमारती चौकटीच्या नसून आरसीसी भिंतींच्या आहेत, आणि 17 जानेवारी 1995 च्या कोबे भूकंपात अशा भिंतींच्या इमारतींनी चांगला टिकाव धरला. तिथेही घात झाला तो खाली मोकळे खांब असलेल्या इमारतींचा, विशेषतः 1981 पूर्वीच्या. तुमच्या भागात जमीन खाडीतून भरलेली असल्याने माती पातळ होऊन खचण्याचा नकाशाही वॉर्ड कार्यालयात पाहून घ्या.

प्रश्न: मुलगी बिश्केकमध्ये वैद्यकीय शिक्षण घेते आहे. मैत्रिणींबरोबर सोव्हिएत काळातल्या फ्लॅटमध्ये राहायला जाणार आहे. इमारत निवडताना काय पाहावे?
— एक पालक, जळगाव

बिश्केक तीव्र भूकंपाच्या पट्ट्यात आहे, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. बाहेरून इमारतीचा फोटो मागवा. दर्शनी भिंतीवर खोलीएवढ्या चौकोनांचे आडवे-उभे सांधे दिसत असतील तर ती मोठ्या पॅनेलची इमारत, म्हणजे भिंती हाच सांगाडा. वर सांगितलेल्या लेनिनाकानच्या अनुभवावरून जुन्यांत हा प्रकार त्यातल्या त्यात विश्वासाचा. मात्र आतल्या पॅनेलमध्ये कुणी नवे दार कापलेले नसावे आणि तळमजल्यावर दुकानासाठी पॅनेल काढलेले नसावे. नव्वदच्या दशकानंतर हे उद्योग पुष्कळ झाले. सांध्यांतून गंजाचे ओघळ येत असतील तर तो फ्लॅट सोडा. पट्टे नसलेल्या विटांच्या जुन्या तीन-चार मजली इमारती आणि सुट्या भागांच्या नऊ मजली चौकटी टाळाव्यात. नवी चकचकीत इमारत म्हणजे सुरक्षित असे मानू नका. तळाला सगळी काच आणि वर दहा मजले भिंती, हे आपल्या स्टिल्टचेच दुसरे रूप. घरात गेल्यावर पलंगाशेजारचे कपाट भिंतीला पट्टीने बांधून घ्यायला मुलीला सांगा.

प्रश्न: आमची इमारत पाच-सात वर्षांत पुनर्विकासाला जाईल. तोवर भूकंपासाठी खर्च करण्यात अर्थ आहे का?
— सोसायटीचे सभासद, नाशिक

पूर्ण मजबुतीकरण नको. पण पाच-सात वर्षे हा बोलण्यातला आकडा. विकासक बदलला, कज्जा झाला की त्याची पंधरा होतात. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीला दर पाच वर्षांनी आणि 30 च्या वर दर तीन वर्षांनी ऑडिट आहेच. त्याच फेरीत तळमजल्याच्या कॉलमांचा वर दिलेला हिशेब करून घ्या. तो फारच बाहेर गेला तर स्टिल्टच्या दोन-दोन गाळ्यांत लोखंडी तिरपे आधार एवढेच करा, ते पाडताना भंगारात विकताही येतात. गच्चीवरचे जादा थर, बंद पडलेली टाकी, भंगार सामान उतरवा. तळाच्या गंजलेल्या कॉलमांची दुरुस्ती पुनर्विकासासाठी अडवून ठेवू नका. आणि कुणी फ्लॅटचे नूतनीकरण काढले तर भिंत पाडण्याआधी ती कोणती भिंत आहे हे सोसायटीच्या इंजिनीअरने पाहिल्याशिवाय परवानगी देऊ नका. विटांवर उभ्या असलेल्या इमारतीत तर बिलकुल नाही.